थंडीची बेरीज

अळी काचेच्या बशीत पडली आणि टण्ण असा आवाज झाला.

जिवंत प्राणी असा वाजत नाही. डॉ. प्रणोती बोरस्तेने चिमटा बाजूला ठेवला आणि बशीकडे बघत राहिली. लेहच्या पुढे, जिथे रस्ताही थकून थांबतो, तिथल्या उंचावरच्या प्रयोगशाळेत ती नुकतीच रुजू झाली होती. बाहेरच्या जर्दाळूच्या झाडाची साल खरवडून तिने ही अळी काढली होती.

"मेली, सर. खड्यासारखी झालीय."

"मेली म्हणायची तुला फार घाई आहे," डॉ. हणमंत बिराजदार म्हणाले. हा माणूस सोलापूरचा. फाल्गुनातच अंगाची लाही होते अशा गावात वाढला आणि उभं आयुष्य त्याने थंडीच्या अभ्यासात घातलं. त्याचं कारण विचारलं की ते म्हणत, उन्हाचा सूड घेतोय. "हिच्या अंगात बर्फ आहे, पण पेशींच्या बाहेर. पेशींच्या आत तिनं पाकासारखा दाट रस भरून ठेवलाय. आपण त्याला हिमरोधक म्हणतो. बर्फ अंगणात, जीव माजघरात. ठेव टेबलावर आणि चहा पी."

चहा संपेपर्यंत अळी मऊ पडली होती. थोड्या वेळाने तिने डोकं हलवलं, आणि मग बशीच्या कडेवरून ती अशी निघाली की जणू तिचीच बस चुकत होती.

"म्हणजे ऊब मिळाली की जागी होते."

"सगळे इथंच चुकतात," बिराजदार म्हणाले. "ही माघातली अळी. हिच्या अंगावरून पुरेशी थंडी गेली होती, म्हणून उठली. तू आश्विनातली आण आणि ठेव हीटरपाशी."

पुढच्या आश्विनात तिने तशी एक आणून ठेवली. तिला त्या अळीची दयाच आली होती. पण आश्विनातली अळी ऊब मिळूनही उठली नाही. मऊ होती, जिवंत होती, सूक्ष्मदर्शकाखाली फार फार वेळाने हृदयाचा एक ठोका दिसायचा. दिवसागणिक ती बारीक होत गेली, आणि एका सकाळी बशीत नुसतं सालपट उरलं.

"तिच्या झोपेला आपण जीवविराम म्हणू," बिराजदारांनी समजावलं. "विराम तोडते ती थंडी, ऊब नव्हे. किती थंडी सोसली याची बेरीज शरीर मनाशी करत असतं. ती पुरी झाली की आतली कळ सुटते. बेरीज पुरी व्हायच्या आत ऊब दिलीस, तर झोप तशीच राहते आणि चरबी तेवढी जळत जाते. तू तिला मायेनं मारलंस."

"पण झोपायचं कधी, हे तिला कसं कळतं? तेव्हा तर थंडी पडलेलीही नसते."

"रात्रीवरून. रात्र लांबत चालली की पुढं हिवाळा आहे हे ठरलेलं. गंमत म्हणजे या जातीत ते अळीला कळत नाही, तिच्या आईला कळतं. लांबलेल्या रात्री आई बघते आणि अंड्यात निरोप ठेवून जाते. लेकरू तो निरोप पाळतं, बस्स."

प्रणोतीला ते फार आवडलं होतं. आईने ठेवलेला निरोप. तिने ते नवऱ्याला, हेमराजला, फोनवर सांगितलंही होतं.

पुढच्या दोन वर्षांत त्या अळीपासून हिवलस तयार झाली. एक निरुपद्रवी वाहक विषाणू, आणि त्याच्या पाठीवर अळीची जनुकं. ती टोचलेल्या माणसाची बोटं हिमदंशाने झडत नव्हती. डोंगरातल्या रस्त्यांवर काम करणाऱ्यांसाठी ती देणगीच होती. आधी टोचून घेतली ती प्रयोगशाळेतल्या लोकांनी, प्रणोतीसकट. एकच खोट होती. हिमरोधकाची जनुकं आणि विरामाची कळ अळीत एकमेकींत इतकी गुंफलेली होती की एकीला उचलायचं तर दुसरीही यायची. पण पूर्ण वाढलेल्या शरीरात कळ मुकी राहते, हे सिद्ध झालं होतं. मोठ्या झालेल्या किड्यातही ती मुकीच असते. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. उंदरांवर पाहिलं, लस आईच्या गर्भाशयातली वार ओलांडून पोटातल्या पिल्लापर्यंत जात नव्हती. मग काय, सगळे निर्धास्त झाले.

*

प्रणोती बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली आणि कार्तिकात तिला मुलगी झाली.

तिची आई कुमुदबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. पण बाळंतिणीच्या खोलीत विज्ञानाला मज्जाव होता. खिडक्यांना जुन्या गोधड्या लागल्या, दाराला जाड पडदा आला, कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. बाळाच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही आणि बाळंतिणीला वारा लागता कामा नये. सव्वा महिना ही खोली सोडायची नाही.

"आई, ही गुहा आहे."

"तुलाही मी अशाच गुहेत वाढवलंय. डॉक्टर झालीस ना?"

आणि खरं सांगायचं तर प्रणोती दमली होती. अंधारात, उबेत, डिंकाचा लाडू खाऊन पडून राहणं वाईट नव्हतं. सकाळ कधी झाली, संध्याकाळ कधी, काही कळायचं नाही. ती झोपायची, उठून चिमीला पाजायची आणि पुन्हा झोपायची. चिमी हे नुसतं हाक मारण्यापुरतं, बारसं अजून व्हायचं होतं.

आल्यागेल्यांना चिमी फार आवडली. रडायचीच नाही. "किती गुणी बाळ!" शेजारणी म्हणायच्या आणि कुमुदबाई कानशिलावर बोटं मोडायच्या. मग चिमी दूधही कमी प्यायला लागली. मग तिला पाजण्यासाठी उठवावं लागायला लागलं. आणि एका दुपारी प्रणोतीने तिचं पाऊल हातात घेतलं तर ते गार होतं, शेगडी हाताच्या अंतरावर पेटलेली असूनही.

रुग्णालयात डॉ. निकुंभांनी चिमीला काचेच्या उबपेटीत ठेवलं. हे बालरोगतज्ज्ञ मूळचे धुळ्याकडचे, मोजकं बोलणारे. जंतुसंसर्ग नाही, गळ्यातल्या ग्रंथीचा दोष नाही, हृदयाला छिद्र नाही. सगळे अहवाल चांगले येत होते आणि मुलगी हातची जात होती. शिरेतून अन्न देऊनही वजन उतरत होतं. निकुंभ पेटीची ऊब वाढवत होते, आणि वजन आणखी वेगाने उतरत होतं.

प्रणोतीला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. ती पेटीपासून दारापर्यंत जायची, दारापासून पेटीपर्यंत यायची. छाती दुधाने भरून ठणकायची आणि पिणारं लेकरू काचेआड निपचित. शेजारच्या खाटेवर मंजुळा होती, सुरगाण्याकडून निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेली कोवळी पोर. तिचं बाळ भुकेने आकांत करायचं, कारण तिला तापाने घेरलं होतं आणि दूधच येत नव्हतं. एक दिवस प्रणोतीला ते रडणं ऐकवेना. तिने हात पुढे केले.

"तुमी पाजशाल, ताई?" मंजुळाने विचारलं. "आमच्या पोराला?"

"दे इकडे. माझं तरी कुठे कोण पितंय?"

त्याने असं ओढून घेतलं की प्रणोतीच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखण्याने आणि सुखानेही. मंजुळा रुग्णालयात होती तोवर तिने त्याला रोज पाजलं. मंजुळाचा ताप उतरला, तिला दूध आलं, ती घरी गेली. जाताना पाया पडायला लागली तर प्रणोतीने तिला उठवून जवळ घेतलं. त्या सगळ्या दिवसांत आपल्या हातून घडलेली एवढीच बरी गोष्ट, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी परिचारिका चिमीचा लंगोट बदलत होती. मांडीची कातडी सैल पडून तिला सुरकुत्या आल्या होत्या. प्रणोतीने ते पाहिलं आणि तिला बशीतलं सालपट आठवलं.

तिने बिराजदारांना फोन लावला.

"शक्य नाही," ते म्हणाले. "लस वार ओलांडत नाही. तूच ते उंदीर कापलेस."

"सर, ती गार आहे. ऊब वाढवली की वजन वेगाने घटतं. ठोके कमी होताहेत पण एकसारखे पडताहेत. ही आश्विनातली अळी आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुझी खोली अंधारी होती का गं?"

"गुहा होती."

"मग तुझ्या शरीरानं काय समजायचं? अंधार पडला की आपल्या मेंदूतून निशाद्रव्य सुटतं, ते दुधात उतरतं. तान्ह्या लेकरांना रात्र कळते ती आईच्या दुधातून. तू दिवसरात्र अंधारात. तुझं दूध तिला सांगत राहिलं की रात्र लांबतेय, लांबतेय, हिवाळा आला. माणसाच्या पोरात ऐकणारं कुणी नसतं, म्हणून काही होत नाही. पण तिच्यात कळ असेल, आणि ती अजून अळीच्याच वयाची आहे..." ते थांबले. "तिचं रक्त पाठव. आणि जन्मावेळचं नाळेतलं रक्त ठेवलंय ना तुम्ही? तेही पाठव. मी निघतो."

चिमीच्या रक्तात लस निघाली. नाळेतल्या रक्ताची तपासणी जरा किचकट होती, ती मागे राहिली. ती आली कशी ते नंतर बघू, आधी पोरगी, असं बिराजदार म्हणाले आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

*

"तुम्ही मला सांगताय की या मुलीला थंडीत ठेवा," डॉ. निकुंभ म्हणाले. "मॅडम, कमी दिवसांचं बाळ गार पडलं तर मी परिचारिकांवर ओरडतो."

"पूर्ण नका ठेवू. पेटी फक्त थोडी उतरवा आणि यंत्रं काय सांगतात ते बघा," बिराजदार म्हणाले. "तुम्ही म्हणताय ते खरं निघालं तर मी माफी मागून जातो. मी म्हणतोय ते चुकलं तर तुम्ही ऊब परत वाढवा. पण आहे तसं ठेवलंत तर काय होणार, हे आपल्या तिघांनाही दिसतंय."

निकुंभांनी पेटी उतरवली. चिमीला लागणारा प्राणवायू कमी झाला आणि वजन उतरायचं थांबलं. त्यांनी ती आणखी उतरवली. चिमी निळी पडली नाही, थरथरली नाही, झोपूनच राहिली. संध्याकाळी निकुंभ खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "किती थंड लागेल?" त्यांनी विचारलं.

एवढी थंड, एवढी मोठी आणि दिवसेंदिवस एकसारखी थंड राहणारी जागा कुठे मिळणार? ती घरातच होती. निफाडजवळ प्रणोतीच्या सासऱ्यांचं, अण्णांचं, द्राक्षांचं शीतगृह होतं. माल यायला अजून अवकाश होता, खोल्या रिकाम्या होत्या. अण्णांनी एक अक्षर न बोलता चावी काढून दिली. निकुंभ आपली यंत्रं घेऊन आले.

बोलल्या त्या कुमुदबाई. "पोटच्या पोरीला बर्फात घालतेस? आई आहेस का कोण आहेस तू?"

"आई, उबेने ती संपत चाललीय."

"उबेनं कुणी संपत नाही, प्रणोती! मी तीस वर्षं मुलांना शिकवलं..." त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

द्राक्षांच्या खोलीत चिमीला एका ट्रेमध्ये मऊ कापडावर ठेवलं. प्रणोती शेजारी बसली. तिच्या अंगात हिवलस होती, त्या थंडीत ती साध्या स्वेटरवर बसू शकायची. हेमराज दोन जॅकेटं घालून यायचा आणि दात वाजायला लागले की जायचा. खोलीत दिवे लख्ख लावले होते. पण बिराजदारांनी तिला एक अट घातली होती.

"हात लावायचा नाही."

"सर?"

"तुझा तळवा उबदार आहे. तू तिला उराशी धरलंस की तेवढी थंडी बेरजेतून गेली. कवटाळून बसलीस तर सोसलेली सगळीच पुसली जाईल. जवळ बस. पण हात लावू नको."

हे असं बसणं म्हणजे काय ते तिला आयुष्यभर सांगता आलं नसतं. हात मांड्यांखाली दाबून धरायचे. चिमीचं टोपडं जरा सरकलंय, ते सारखं करावंसं वाटतं, करायचं नाही. दुधाने छाती चिंब व्हायची. कानाला नळी लावून ती ठोके ऐकायची. एक ठोका, मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की ओरडत बाहेर पळावंसं वाटायचं. मग दुसरा. त्या मधल्या रिकाम्या वेळात तिने कितीदा मुलगी गमावली आणि कितीदा तिला परत मिळाली, त्याला गणती नव्हती. हळूहळू ती एक गोष्ट शिकली. न घाबरता थांबणं.

एक दिवस कुमुदबाई आत आल्या. शाल, वरून घोंगडी, हातात चिमीसाठी शिवलेली छोटी गोधडी. त्या ट्रेपाशी उभ्या राहिल्या. गोधडी उलगडली, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडली. थंडीने त्यांचे ओठ काळे पडले तरी त्या हलल्या नाहीत, आणि गोधडी त्यांनी चिमीवर घातलीही नाही. मग ती स्वतःच्याच छातीशी धरून त्या लेकीशेजारी बसल्या.

पौष सरता सरता एका सकाळी ठोका लवकर पडला. प्रणोतीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा पडला, आणखी लवकर. "सर!" ती एवढ्याने ओरडली की खोली घुमली.

चिमीला हळूहळू उबेत आणलं. दुपारी तिने मूठ उघडली. आणि संध्याकाळी तिने असा टाहो फोडला की शीतगृहाबाहेर ट्रकवाले गोळा झाले. गुणी बाळ कुठल्या कुठे गेलं होतं. कुमुदबाई रडत होत्या, निकुंभ दुसरीकडे बघत चष्मा पुसत होते, आणि हेमराज जो भेटेल त्याला पेढ्याऐवजी मनुका वाटत सुटला होता, कारण हाताशी तेवढंच होतं.

*

नाळेतल्या रक्ताचा अहवाल त्यानंतर आला. सासरच्या ओसरीवर सकाळचं कोवळं ऊन होतं. प्रणोती चिमीला पाजत होती. आता घरात गोधड्या नव्हत्या, दिवे उशिरापर्यंत लख्ख असायचे. शिवाय कळ एकदा सुटली की तिचं काम संपतं, असं बिराजदारांनी सांगितलं होतं. ते कागद हातात घेऊन आले आणि बसले नाहीत.

"नाळेत लस नाही," ते म्हणाले. "जन्मली तेव्हा तिच्यात ती नव्हती. वार ओलांडत नाही हे आपलं म्हणणं खरंच होतं."

"मग आली कुठून?"

बिराजदार चिमीकडे बघत होते, आणि चिमी डोळे मिटून चुटूचुटू पीत होती. प्रणोतीने खाली पाहिलं.

"पण उंदरांची पिल्लं, सर... तीही आईचं दूध पीत होती. त्यांना काहीच झालं नाही."

"आपल्या प्रयोगशाळेतले दिवे घड्याळावर लागतात आणि घड्याळावर विझतात. बारा तास उजेड, बारा तास अंधार, बारा महिने," बिराजदार म्हणाले. त्यांचा आवाज म्हातारा झाला होता. "त्या पिल्लांच्यात कळ गेलीही असेल. पण त्यांना निरोपच कधी मिळाला नाही. आपण थंडीची लस बनवली, प्रणोती, आणि आपल्या उंदरांना कधी हिवाळा दाखवलाच नाही. कसले शास्त्रज्ञ आपण?"

प्रणोती ऐकत नव्हती. तिने चिमीला छातीवेगळं केलं, ती किंचाळली, तरी केलं.

"मंजुळा," ती म्हणाली.

रुग्णालयातून पत्ता मिळाला, पण त्यात नुसतं 'निफाड, द्राक्षबाग' एवढंच. निफाडात द्राक्षबाग सोडून काय आहे? हेमराजने एकेका बागायतदाराला फोन लावले. चिमीला आजीच्या हाती देऊन प्रणोती बिराजदारांसोबत गाडीत बसली तेव्हा तिचं डोकं आपोआप हिशोब मांडत होतं. त्या बाळाला लस मिळाली, निरोप थोडा मिळाला. नंतर ते स्वतःच्या आईचं दूध प्यायलं. पण ती आई पालात राहते, तिथे दिवा नाही. पौषात दिवस मावळला की तिला अंधार, उजाडेपर्यंत अंधार. म्हणजे तिच्या दुधानेही तेच सांगितलं असणार, फक्त सावकाश. मग ते शांत झालं असेल, गार पडलं असेल. आणि गार पडलेल्या लेकराला आई काय करते? चुलीपाशी घेऊन बसते.

"जोरात चालव," ती हेमराजला म्हणाली.

बागांत पहाटे थंडीसाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून रेंगाळत होता. तिसऱ्या बागेच्या कडेला पालं दिसली. तिथे बायका बसल्या होत्या. मधोमध मंजुळा होती. प्रणोतीला पाहून ती उठली नाही.

"ताई, तुमी जगवलं व्हतं त्याला," ती म्हणाली. "आमच्याकडनं नाय राहिला. लय झोपायचा. चुलीम्होरनं हलवला नाय त्याला, तरी गार गार पडला. मंग हललाच नाय."

"कधी?"

"काल सांजच्याला नेला."

"कुठे नेला?"

मंजुळाचा नवरा देवराम मागे उभा होता. त्याने नदीकडे हात केला. तान्ह्या लेकराला कुणी जाळत नाही, त्याला मातीत ठेवतात.

प्रणोतीने बिराजदारांकडे पाहिलं. ते आधीच तिच्याकडे बघत होते. "अळी मातीतच असते की," ते जवळजवळ पुटपुटले. "विरामात श्वास लागत नाही. लागला तरी नावाला. आणि काल पडली तेवढी थंडी या साली पडली नव्हती."

"फावडं," प्रणोती म्हणाली. "देवराम, फावडं घे आणि चल."

"ठेवलेलं पोर उकरायचं नाय, बाई," देवराम म्हणाला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. "पाप हाय ते."

"तुझं पोर मेलेलं नाही. मी झोपवलंय त्याला, माझ्या दुधाने! ऐकतोयस का? मी केलंय हे. पाप लागलं तर मला लागू दे, पण चल."

तो हलला नाही. हलली मंजुळा. तिने पालाच्या कडेची कुदळ उचलली आणि अनवाणी नदीकडे धावत सुटली. तेव्हा देवरामही धावला.

बाभळीखाली ताज्या मातीवर काटे टाकले होते. देवरामने आणि हेमराजने वरची माती काढली आणि मग सगळ्यांनीच हाताने उकरलं. माती बर्फासारखी गार होती. खाली फडक्यात गुंडाळलेलं बाळ होतं. प्रणोतीने त्याला दोन बोटांनी जेमतेम धरून वर घेतलं, थंड मातीवरच ठेवलं, फडकं सोडलं आणि छातीला नळी लावली.

काही नाही.

देवराम रडायला लागला. हेमराजने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रणोती, पुरे," तो म्हणाला. तिने हात झटकला. त्याला काय माहीत किती थांबायचं असतं? ती तिथे गुडघ्यांवर बसून राहिली, डोळे मिटून, द्राक्षांच्या खोलीत बसायची तशी. काही नाही. अजून काही नाही. नदीवरून वारा आला. मग अगदी आतून, खूप खोलून, एक ठोका पडला.

तिने डोळे उघडले. तिला काही बोलावं लागलं नाही, मंजुळाने तिच्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. पदर पसरून ती पुढे झेपावली. "द्या ताई! गारठलंय माझं लेकरू. छातीशी द्या!"

प्रणोतीने दोन्ही हातांनी तिला अडवलं. एवढ्या ताकदीने तिने आजवर कुणाला अडवलं नव्हतं.

"हात लावू नकोस, मंजुळा," ती म्हणाली. "त्याला अजून थंडी हवीय. तू इथे माझ्याजवळ बस. कसं बसायचं ते मी सांगते."